डेल्मरचं दुसरं पिस्तूल

व्हर्ना हॉगनचं बंदुकांचं दुकान आणि माझं केस कापायचं दुकान एकाच इमारतीत होतं. मधलं दार आम्ही कधी लावत नसू, कारण शेगडी माझ्या बाजूला होती आणि संडास तिच्या. त्यामुळे एकवीस वर्षं तिच्याकडे कोण आलं, काय बोललं, हे मला न विचारता कळत असे. मोंटानातल्या आमच्या त्या दरीत दीड हजार माणसं होती. त्यातल्या निम्म्यांचे केस मी कापत असे, आणि बहुतेकांच्या बंदुका तिच्या हाताखालून गेलेल्या होत्या.

दुकान तिच्या वडिलांचं. ते खरं भावाला मिळायचं, पण भाऊ मासेमारीला अलास्कात गेला तो तिकडचाच झाला. मग व्हर्नाच कानस घेऊन बसली. सुरुवातीला गिऱ्हाइकं विचारत, मिस्त्री कुठेय? ती हात पुढे करून म्हणायची, "हा काय." लग्न एकदा झालं होतं. त्याबद्दल ती एवढंच सांगे, की माणूस बरा होता, पण त्याला इथला हिवाळा झेपला नाही.

तिची खासियत म्हणजे पिस्तूल माणसाच्या हाताला बसवून देणं. नव्या गिऱ्हाइकाशी हात मिळवला की ती तो जरा जास्तच वेळ धरून ठेवत असे. लोकांना वाटे, बाई मायाळू आहे. ती बोटांची लांबी बघत असे. कुणाचा अंगठा कुऱ्हाडीत गेलेला, कुणाची बोटं संधिवाताने वाकलेली. प्रत्येकासाठी ती मूठ तासायची, चाप मागेपुढे करायची, आणि पुन्हा पुन्हा बोलावून धरून बघायला लावायची.

एक गोष्ट मात्र मी तिला कधी विचारली नव्हती. या गोष्टीच्या अकरा वर्षं आधी शेजारच्या दरीतले एक शाळामास्तर तिच्याकडून रिव्हॉल्व्हर घेऊन गेले होते. चार दिवसांनी शेरिफचा माणूस तिचीच पावती हातात घेऊन आला. व्हर्नाने आठवडाभर दुकान उघडलं नाही. उघडलं तेव्हापासून ती प्रत्येकाला विचारू लागली, कशासाठी हवंय? आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहू लागली.

डेल्मर स्ट्राउड आला तो ऑक्टोबरात. अडुसष्ट वर्षांचा, उंच, जरासा वाकलेला. लाकडं कापायच्या गिरणीत चौतीस वर्षं करवतींना धार लावायचं काम त्याने केलं होतं. चाळीस फुटांचं पातं, त्याचा एकेक दात घासायचा. तो व्हर्नाच्या टेबलाशी उभा राहून तिच्या कानशींवर टीका करी, आणि ती दुसऱ्या कुणाची ऐकली नसती अशी टीका ऐकून घेई. गिरणी बंद पडली, दोन वर्षांमागे बायको रूथ गेली, आणि त्यानंतर त्याचं येणं कमी झालं होतं.

त्याने आपलं पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल आणलं होतं. गिरणीतल्या पहिल्या पगारातून घेतलेलं, जपून वापरलेलं, इतकं की त्याच्या निळसर झाकेवर फक्त तळव्याच्या जागी पांढुरका डाग पडलेला. ते कोलीनच्या हाताला बसेल असं करून दे, म्हणाला. कोलीन त्याची एकुलती मुलगी, चाळिशीची, चार तासांवर स्पोकेनला टपाल खात्यात होती. नाताळात तिला द्यायचं होतं.

व्हर्ना खूश झाली. असं काम तिला महिन्यात एखादंच मिळे. कोलीनला तिने लहानपणापासून पाहिलेलं. हात छोटे आणि पोरगी डावखुरी. तीन आठवडे ती त्या पिस्तुलामागे होती. अक्रोडाच्या लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या तासून मूठ बारीक केली. चाप आखूड बसवला, म्हणजे लहान बोट नीट पोचावं. सेफ्टीचा खटका एकाच बाजूला होता, तो दोन्ही बाजूंनी केला. नेम धरायच्या पुढच्या खुणेवर पितळेचा ठिपका बसवला, कारण कोलीनला चष्मा लागला होता. मधूनमधून ती मला बोलावून म्हणायची, "वेंडेल, डाव्या हाताने धरून बघ." मी धरायचो. मला त्यातलं काही कळत नसे.

नोव्हेंबरच्या मध्यात, एका मंगळवारी दुपारी डेल्मर आधी माझ्याकडे आला. बाहेर बारीक बर्फ पडत होतं. त्याचे केस मी तीनच आठवड्यांपूर्वी कापले होते, तरी म्हणाला, नीट काप, कानामागेसुद्धा. कापून झाल्यावर त्याने खिशातून एक चपटा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत त्याने स्वतः पिसं आणि दोरा बांधून केलेल्या, मासे धरायला गळाला लावायच्या नकली माश्या होत्या. साठ-सत्तर तरी असतील. त्याच्यासारख्या माश्या दरीत कुणी बांधत नव्हतं. मी म्हटलं, अरे, हे काय? तो म्हणाला, "माझ्या हाताने आता गाठी बसत नाहीत. तू वापर." मी आनंदाने घेतल्या. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. मी त्याचा हात हातात घेऊन आभार मानले, तो हात थरथरत होता, आणि माझं सगळं लक्ष त्या डब्यात.

तो दारातून पलीकडे गेला. मी पुढच्या गिऱ्हाइकाला, म्हाताऱ्या ऑगीला, खुर्चीत बसवून कात्री चालवू लागलो.

व्हर्नाने त्याला तयार पिस्तूल दाखवलं. त्याने वळवून पाहिलं, मुठीवरून अंगठा फिरवला आणि छान झालंय म्हणाला. मग म्हणाला, आणखी एक बघायचं आहे. स्वस्तातलं. दोनशे डॉलरच्या आतलं.

आता दोनशेत काय मिळतं, हा व्हर्नाचा आवडता विषय. त्यावर ती तासभर बोले. तिने हिरव्या कापडावर तीन मांडली. एक पोलिसांनी मोडीत काढलेलं रिव्हॉल्व्हर, दिसायला ओबडधोबड पण आतून चोख. एक प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं नवंकोरं, ज्याचा चाप ओढणं म्हणजे गंजलेलं फाटक ओढणं. आणि एक छोटं, खिशातलं, जे तिच्या मते फक्त दुकानदाराच्या फायद्याचं होतं. पहिल्यावर पैसे घाल, शिवाय स्प्रिंग मी बदलून देते, ती म्हणाली.

हा तोच डेल्मर, ज्याने एकदा एका स्क्रूवरून तिच्याशी पाऊण तास हुज्जत घातली होती. त्याने सगळ्यांत जवळ होतं त्याच्याकडे बोट दाखवलं. ते खिशातलं होतं.

"हे चालेल."

"हातात तरी घेऊन बघ."

"चालेल म्हटलं ना."

"कशासाठी हवंय?"

"घरात असावं."

"घरात तुझं हे आहेच की, डेल्मर. नाताळपर्यंत तरी."

"ते आता कोलीनचं झालं."

पेटी, साफ करायचा ब्रश, तेल, काहीच नको म्हणाला. गोळ्यांची पन्नासची पेटी तिने पुढे केली, तर एवढ्या काय करायच्यात, यापेक्षा लहान पेटी नाही का, असं त्याने विचारलं. 

व्हर्नाने त्याला सरकारी फॉर्म भरायला दिला. तो भरायला त्याला फार वेळ लागला. मग फोनवरून सरकारी चौकशी करते, जरा थांब, असं सांगून ती मागच्या खोलीत गेली, जाताना कोलीनचं पिस्तूलही घेऊन गेली. फोन तिने केलाच नाही. तीन-चार मिनिटांनी ती मागच्या बाजूने माझ्या दाराशी आली आणि हळू आवाजात मला विचारलं, तुझ्याशी काय बोलला तो? मी माश्यांचा डबा दाखवला. तिने चष्मा काढला.

"चांगलं पिस्तूल मुलीला द्यायचंय," ती म्हणाली. "ते खराब व्हायला नको. म्हणून हे दुसरं."

मला समजायला एक क्षण लागला. समजलं तेव्हा मी तिला म्हटलं, काही बोलू नकोस गं, नसलेलं त्याच्या डोक्यात जाईल. अशा गोष्टी उच्चारू नयेत असंच आम्हाला शिकवलेलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती परत जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली. मी दारात उभा होतो आणि ऑगी खुर्चीत मान वळवून बघत होता.

"डेल्मर, तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

तो कापडाकडे बघत राहिला. त्याच्या मानेवर मी नुकत्याच काढलेल्या कडेच्या वर लाली चढत गेली.

"तू दुकानदार आहेस, व्हर्ना. पाद्री नाहीस."

"नाही विकणार मी तुला हे."

"फॉर्ममध्ये काही चूक आहे?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. विकणार नाही."

"ठीक आहे. माझं मला परत दे."

"ते सुटं केलंय मी. मूठ पुन्हा काढावी लागली."

तो वाकून आतल्या टेबलाकडे बघू लागला. खरंच, सांगाडा व्हाइसच्या शिकंज्यात आवळलेला होता आणि बाकीचे भाग फडक्यावर पसरलेले. थोड्या वेळापूर्वी तेच पूर्ण जोडलेलं डेल्मरने स्वतः हातात धरलं होतं. व्हर्नाचा उजवा हात एप्रनच्या खिशात होता. त्यात कुठली तरी स्प्रिंग असणार, जिच्याशिवाय ते चाललं नसतं. त्याचं पिस्तूल त्याला न देण्याचा तिला काडीचाही हक्क नव्हता, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

"चाळीस वर्षं येतोय मी इथे," डेल्मर म्हणाला आणि निघून गेला. त्याने दार आपटलं नाही. हळू लावलं, आणि तेच मला जास्त लागलं.

व्हर्ना फोनकडे धावली. चाळीस मैलांवर खालच्या गावात एक मोठं दुकान होतं. तिथल्या काउंटरवरच्या माणसाला तिने सगळं सांगितलं. तो तिला ओळखत नव्हता. कायद्याने अडत नसेल तर मी कसं अडवू, असं तो म्हणत असावा, कारण व्हर्ना नुसती ऐकत होती.  शेवटी त्याने विचारलं असावं, दिसतो कसा, कारण ती म्हणाली, "उंच. लाल चौकटींचा कोट. आणि केस आत्ताच कापलेत." त्या गावात गहाण पडलेल्या बंदुका विकणारं एक गहाणवटीचं दुकानही होतं. तिथे फोन नुसता वाजत राहिला.

तिने दारावरची पाटी ‘बंद’कडे फिरवली आणि ट्रकची किल्ली उचलली. मी ऑगीला अर्ध्या कापलेल्या केसांनिशी तसाच सोडून तिच्यामागे गेलो. तो ओरडून म्हणाला, दुकान मी बघतो, जा.

गावाबाहेर रस्ता फुटतो. डावीकडे खालचं गाव, उजवीकडे चढावर डेल्मरचं घर. व्हर्नाने ट्रक थांबवला आणि आम्ही दोघंही काचेतून ताज्या बर्फाकडे बघत बसलो. टायरच्या खुणा उजवीकडे गेल्या होत्या. मला हायसं वाटलं. घरी गेलाय, मी म्हटलं. व्हर्ना म्हणाली, "घरात हरणाची रायफल आहे. ऑगस्टमध्ये मीच साफ करून दिली." आणि तिने गाडी अशी हाणली की वळणावर मागची चाकं खड्ड्याकडे सरकली.

अंगणात त्याचा ट्रक होता. इंजिन चालू, दार उघडं, आसनावर बर्फ साचायला लागलेला. धुराड्यातून धूर नव्हता. कुत्राही भुंकला नाही; तो त्याने रविवारीच खालच्या शेजाऱ्याला देऊन टाकला होता, ते आम्हाला नंतर कळलं. व्हर्ना मला म्हणाली, तू गाडीत थांब. मी थांबलो नाही. पायऱ्यांपाशी उभी राहून ती मोठ्याने, पण साध्या आवाजात बोलली, "डेल्मर, मी व्हर्ना. बरोबर वेंडेल आहे. आम्ही आत येतोय."

त्या पाच पायऱ्या मी कशा चढलो, मला आठवत नाही. कान फक्त एका आवाजाची वाट बघत होते.

तो स्वयंपाकघरात कोट घालूनच बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. टेबलावर पत्रांची तीन पाकिटं एका रेषेत ठेवलेली. घर झाडून, पुसून लख्ख. बंदुकांचं कपाट त्याच्या पाठीमागे होतं, बंद, पण किल्ली कुलपात होती.

व्हर्ना त्याच्यासमोर बसली. मी कपाट आणि त्याच्यामध्ये जाऊन उभा राहिलो. दुसरं काय करावं सुचलं नाही. मला वाटलं, आता ही देवाचं काही सांगेल, रूथचं सांगेल. तिने त्या जीव दिलेल्या शाळामास्तरांची गोष्ट काढली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"वीस मिनिटांत विकलं मी त्यांना," ती म्हणाली. "फार सभ्य होते. मला वाटलं, किती सोपं गिऱ्हाईक. खोक्याला दोरी बांधून दिली मी, हातात धरायला बरं म्हणून. तशी दोरी बांधून द्यायला सांगतोयस तू मला."

डेल्मरने मांड्यांखालचे हात काढून टेबलावर ठेवले. ते थरथरत होते, आणि लाकडावर बोटांचा बारीक टकटक आवाज येत होता. मेंदूचा आजार आहे, तो म्हणाला. सप्टेंबरात मिसूला शहरातल्या डॉक्टरने सांगितलं. वाढत जाणार.

"चौतीस वर्षं करवतीचा दात डोळ्यांनी नाही, बोटाने तपासला मी. आता चमचा धरता येणार नाही म्हणतात. कोलीनने येऊन मला भरवायचं?"

"कोलीनला माहितेय?"

"नाही."

"मग तिला न विचारता तिच्या वतीने तू कसं ठरवलंस?"

तो माझ्याकडे वळला. मग मला म्हणाला, वेंडेल, ती किल्ली काढ. मी काढली. ती मला इतकी जड वाटली की मी दोन्ही हातांत धरली.

फोन व्हर्नाने लावला. कोलीन कामावर होती, तिला बोलवायला वेळ गेला. डेल्मरला फोन कानाशी धरून ठेवता येईना, म्हणून व्हर्नानेच तो धरला, आणि तोंड दुसरीकडे वळवून उभी राहिली. त्याने पहिल्यांदा हवामान विचारलं. मग दोनदा म्हणाला, काही नाही, काही नाही. मग रडायला लागला. मी बाहेर जाऊन त्याच्या ट्रकचं इंजिन बंद केलं आणि तिथेच उभा राहिलो.

कोलीन अंधार पडल्यावर बऱ्याच वेळाने पोचली. तोवर आम्ही शेगडी पेटवली होती, रायफल आणि छर्‍याची बंदूक व्हर्नाच्या ट्रकमध्ये ठेवली होती. व्हर्नाने त्याला रीतसर पावती लिहून दिली, की कोलीन आणि डेल्मर दोघंही मागतील तेव्हा परत. पाकिटं त्याने स्वतः शेगडीत टाकली. दुसऱ्या दिवशी मुलगी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि नाताळपर्यंत त्याच्याच घरी राहिली.

इथवर ऐकून लोकांना वाटतं, त्याने व्हर्नाचे उपकार मानले असतील. तसं काही झालं नाही. अख्खा हिवाळा तो तिच्याशी बोलला नाही. माझ्याकडे पुढच्या दाराने येई आणि बसायच्या आधी मधलं दार स्वतः लावून घेई. ते दार लागलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. गावातही बोललं गेलं. कुणी म्हणे, हातात पैसे असलेल्या मोठ्या माणसाला ही बाई कोण विचारणारी? कुणी म्हणे, आज पिस्तूल देत नाही, उद्या शिकारीची परवानगी पण हीच देईल. चार-पाच जुनी गिऱ्हाइकं तुटली. तिने मधल्या दाराबद्दल एकदाही विषय काढला नाही. पण शेगडीची ऊब अडत असूनही, तो माझ्याकडे असला की ती दार उघडत नसे.

एप्रिलमध्ये कोलीन पिस्तूल न्यायला आली. डेल्मर बरोबर होता. औषधांनी हात जरा स्थिर झालेले. तिघं गावामागच्या खडीच्या खाणीत निशाण लावून उभी राहिली, आणि मीही गेलो. कोलीनने डाव्या हाताने सात गोळ्या झाडल्या. पुठ्ठ्याला एक लागली. डेल्मर तिच्यामागे उभा राहून कोपर वर, श्वास सोड, असं सांगत होता. मग तो व्हर्नाकडे न बघताच म्हणाला,

"चाप अजून जड आहे."

"चार पौंड आहे. पोरीला जरा लाकडं फोडायला लाव."

पाच महिन्यांतलं पहिलं बोलणं ते एवढंच. मग तिने पिस्तूल परत घेतलं आणि चापाचा जोर अर्धा पौंड कमी केला.

डेल्मर त्यानंतर सात वर्षं जगला. शेवटची दोन कोलीनकडे, स्पोकेनला. चमचा धरता येणार नाही हे डॉक्टरचं म्हणणं खरं ठरलं. एकदा फोनवर तो मला म्हणाला, काही सकाळी मला व्हर्नाचा अजून राग येतो, काही सकाळी येत नाही, आणि आताशा न येणाऱ्या जास्त आहेत. मार्चमध्ये छातीत कफ होऊन तो गेला. कोलीन उशाशी होती.

व्हर्नाने त्या एप्रिलनंतरच्याच उन्हाळ्यात आजूबाजूच्या नऊ दुकानदारांना गाठलं. शंका आली तर गिऱ्हाइकाला विचारायचं, आणि एकमेकांना फोन करायचा, एवढंच तिचं मागणं होतं. पाच जणांनी तिला वाटेला लावलं. चौघांनी ऐकलं. पहिला हो म्हणाला तो गहाणवटीवाला. त्या दुपारी मी मागच्या खोलीत रेडिओ ऐकत होतो, फोन वाजतोय ते कळत होतं, पण उठायचा कंटाळा केला, असं त्याने तिला आपण होऊन सांगितलं.

मी तिला एकदा विचारलं, तुझा अंदाज चुकला असता तर? डेल्मर नुसत्या चोरांच्या भीतीने मागत असता तर?

ती कानस पुसत होती. म्हणाली, "तर तो माझ्यावर जन्मभर रुसला असता. आणि मी त्याला प्रत्येक नाताळात एक केक पाठवला असता." मग दिव्याखाली धरून तिने कानशीचे दात बघितले आणि पुन्हा कामाला लागली.